रायफल क्लबच्या दारातून आत आलेल्या बाया



आज आम्ही बंदुकीचा विषय घेतला आहे. दचकू नका. बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर पोलीस येतो, नाही तर सिनेमातला डाकू. पण बंदुकीची आणखी एक जागा आहे, आणि तिला रायफल क्लब म्हणतात. तिथं वर्गणी भरावी लागते, रजिस्टरात सही करावी लागते, नियम पाळावे लागतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. वर्गणी, रजिस्टर, नियम, पाळी, हे शब्द बचत गटातल्या बाईला काही नवे नाहीत. नवी आहे ती फक्त हातातली वस्तू.

हा विषय आत्ताच का? 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं नेमबाजीत दोन कांस्यपदकं मिळवली. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी गावचा स्वप्नील कुसाळे यानं रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. टीव्हीवर हे सगळं आपल्या मुलींनी पाहिलं. उद्या एखादी मुलगी म्हणाली, "आई, मला क्लबात नाव घालायचंय," तर आपण काय म्हणायचं? "ते आपलं काम नाही," असं तोंडातून निघून जाण्याआधी, हे काम कुणाकुणाचं होतं आणि बाया तिथवर कशा पोचल्या, तो इतिहास ऐकून घेऊ.

त्याआधी क्लबाच्या आत काय चालतं, ते थोडं समजून घेऊ. जिथं नेम धरतात त्या जागेला रेंज म्हणतात. नवशिक्याची सुरुवात बहुतेक वेळा 10 मीटरच्या रेंजवर होते. एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असते. तिच्यात दारूची गोळी नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छोटा छर्रा सुटतो. समोर कागदाचा निशाणा असतो. एअर रायफलच्या निशाण्याची सगळी वर्तुळं मिळून लिंबाएवढी जागा व्यापतात, साडेपंचेचाळीस मिलिमीटर. त्यात मधोमध पूर्ण दहा गुणांचं टिंब असतं फक्त अर्ध्या मिलिमीटरचं. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते, आणि ती उभ्यानं, हात न थरथरता धरायची असते. श्वास आत घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि बोट अलगद मागं आणायचं. स्वतःच्या काळजाचा ठोकासुद्धा नेम हलवतो, इतकं ते नाजूक काम आहे.

रेंजवर सगळ्यात मोठा नियम असा की बंदुकीचं तोंड नेहमी निशाण्याकडंच राहिलं पाहिजे. रिकामी असली तरी. बंदूक कधीही माणसाकडं वळवायची नाही, चेष्टेत तर नाहीच नाही. सुरू करा म्हटल्याशिवाय कुणी सुरू करत नाही आणि थांबा म्हटल्यावर सगळे थांबतात, मग तो साहेब असो की शिपाई. सगळ्या बंदुका रिकाम्या झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी रेषेच्या पुढं पाऊल टाकत नाही. नव्या माणसाला बरेच दिवस छर्रा न भरताच सराव करायला लावतात. उभं राहायचं, धरायचं, नेम घ्यायचा, खाली ठेवायचं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं, तो आपोआप गळतो.

नेमबाजांच्या रेषेवर बडबड नसते. जो तो आपल्या निशाण्याशी एकटा असतो. पण त्या रेषेमागं, बाकावर आणि चहाच्या टपरीवर, अखंड बोलणं चालतं. कुणाचा खांदा वर गेला, कुणाची पकड सैल आहे, कुणाचा छर्रा सारखा डावीकडं का जातोय. जुनी माणसं नव्यांना सांगतात, बंदूक एकमेकांना वापरायला देतात, आपला कागद काढून दाखवतात. या बोलण्यात ज्याला बसायला मिळतं तो शिकतो. आणि बायांना नेमकं तिथंच बसायला मिळत नव्हतं. दारातून आत येणं ही एक लढाई होती आणि त्या बाकावर जागा मिळणं ही दुसरी.

आता इतिहासाकडं वळू. सुरुवात इंग्लंडपासून करू. 1859 च्या सुमाराला इंग्लंडला फ्रान्सच्या स्वारीची धास्ती वाटत होती. साध्या नागरिकांनाही नेमबाजी यावी म्हणून तिथं नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. 2 जुलै 1860 रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर तिची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी झाडली ती एका बाईनं, राणी व्हिक्टोरियानं. रायफल आधीच नेम लावून घोड्यावर घट्ट बसवलेली होती. घोडा म्हणजे लाकडी-लोखंडी तिकाटणं. राणीनं फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. गोळी निशाण्याच्या मध्याजवळ लागली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बायांनो, हे चित्र आपल्याला नवं आहे का? उद्घाटनाला बाई, हारतुऱ्याला बाई, फीत कापायला बाई. पण फीत कापून झाली की आतल्या खुर्च्या पुरुषांच्या. राणीनं दोरी ओढली म्हणून त्या माळावर बाकीच्या बाया स्पर्धेला उतरल्या असं काही झालं नाही. त्यासाठी तीस वर्षं जावी लागली. 1890 मध्ये ही स्पर्धा विम्बल्डनहून बिस्ली या गावी गेली. 1891 मध्ये गर्नसी बेटावरची विनिफ्रेड लील ही बाई तिथं पुरुषांच्या बरोबरीनं स्पर्धेत उतरली.

मग दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. तिथल्या शेतकऱ्यांचा नेम पाहून इंग्रज सैन्य हादरलं. त्यानंतर लॉर्ड रॉबर्ट्स या सेनापतीनं 1901 पासून छोट्या रायफलींच्या क्लबांची चळवळ उभी केली. या रायफली लहान नळीच्या, कमी आवाजाच्या आणि स्वस्त होत्या. त्यासाठी मोठा माळ लागत नव्हता. कारखान्याच्या आवारात, गावातल्या सभागृहात क्लब निघाले. मोठ्या माळावर सरदार आणि लष्करी अधिकारी जात. या छोट्या क्लबांत कामगार आले, कारकून आले आणि हळूहळू बायाही आल्या. खर्च कमी झाला आणि जागा घराजवळ आली की बाईचं पाऊल पडतं. हे आपल्याकडच्या शिवणवर्गाला लागू आहे, दवाखान्यालाही लागू आहे.

अशाच वातावरणात पुढं आलेली मार्जरी फॉस्टर. ही कुणी सरदाराची मुलगी नव्हती. ही कोंबड्या पाळणारी बाई, पोल्ट्रीवाली. बिस्लीला सगळ्यात मोठा मान म्हणजे राजाचं पारितोषिक. ही स्पर्धा काही टप्प्यांत होते आणि शेवटी 900 आणि 1000 यार्डांवरून नेम धरायचा असतो. 1000 यार्ड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. शिवाय उघड्या माळावरचा वारा वाचता आला पाहिजे. 1930 साली मार्जरीनं ती स्पर्धा जिंकली, एका गुणानं. दुसरा आला तो लष्करातला एक लेफ्टनंट. हे पारितोषिक जिंकणारी ती पहिली बाई.

आता पाहा, तिथं रीत अशी की जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून बाकीच्या नेमबाजांनी खांद्यावरून मिरवत न्यायचं. मार्जरीलाही तसंच नेलं. हरलेल्या पुरुषांनी बाईची खुर्ची खांद्यावर घेतली. राजाकडून अभिनंदनाची तार आली. क्लबातल्या रीतीचा हाच उपयोग असतो. मनात काहीही असो, रीत ठरलेली असली की ती सगळ्यांना सारखी लावावी लागते.

ऑलिंपिकमध्ये बायांना नेमबाजीची रेषा दिसली ती आणखी उशिरा, 1968 मध्ये, मेक्सिकोत. तेव्हा बायांसाठी वेगळी स्पर्धा नव्हती, पुरुषांतच उतरायचं. 1976 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला अमेरिकेची मार्गारेट मरडॉक रायफलच्या स्पर्धेत उतरली. तिचे आणि तिच्याच देशाच्या लॅनी बॅशमचे गुण अगदी सारखे झाले, दोघांचे 1162. नियमाप्रमाणे शेवटच्या फेरीचे गुण पाहून सुवर्णपदक बॅशमला दिलं आणि मार्गारेटला रौप्य. बॅशमला ते पटलं नाही. दोघांनाही सुवर्ण द्या, असं त्यानं सुचवलं, पण ते मान्य झालं नाही. मग पदकं देताना, राष्ट्रगीत सुरू असताना, त्यानं मार्गारेटला हात धरून आपल्या वरच्या पायरीवर उभं केलं. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं पदक मिळवणारी मार्गारेट ही पहिली बाई.

पण दार एकदा उघडलं म्हणजे ते कायमचं उघडं राहतं असं समजू नका. 1992 मध्ये बार्सिलोनाला चीनच्या झांग शान हिनं स्कीट या प्रकारात सुवर्ण जिंकलं. स्कीटमध्ये हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायच्या असतात. अंतिम फेरीआधीच्या 200 पैकी 200 चकत्या तिनं फोडल्या, एकही सुटली नाही. ही स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती. तिनं सगळ्यांना मागं टाकलं. पुढचं ऑलिंपिक 1996 मध्ये अटलांटाला झालं, तेव्हा स्कीट फक्त पुरुषांसाठी होती. बायांसाठी वेगळी स्कीट आली ती 2000 मध्ये. म्हणजे जगातली सगळ्यात चांगली स्कीट खेळणारी बाई 1996 मध्ये आपलं पदक राखायला मैदानात उतरूच शकली नाही. गटाच्या कामातही आपण हे पाहिलं आहे. मिळालेला हक्क दर वर्षी पुन्हा तपासून पाहावा लागतो, कारण नियमाच्या एका ओळीनं तो निघून जाऊ शकतो.

आता आपल्या देशाकडं येऊ. इंग्रजांच्या राज्यात 1878 चा शस्त्र कायदा होता. त्यात हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नसे, आणि युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळं इथली नेमबाजी म्हणजे गोऱ्या साहेबांची, लष्कराची आणि राजेरजवाड्यांची. गावातल्या माणसाच्या वाट्याला बंदूक आली ती समोरून रोखलेली. म्हणून आपल्या मनात तिचं भय बसलं, त्यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजे दादासाहेब मावळणकर. त्यांचं आयुष्य अहमदाबादेत गेलं, पण घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजही नवीन नेमबाजांना राष्ट्रीय पातळीवर जाण्यासाठी ज्या स्पर्धेतून वर यावं लागतं, ती त्यांच्याच नावानं भरते.

पण सुरुवातीची कितीतरी वर्षं हा खेळ वाड्यांतच राहिला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी 1962 च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला 1968 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे बाई नेमबाज नव्हती असं नाही. पण तिच्या घरात बंदूक होती, मैदान होतं आणि वडील स्वतः शिकवणारे होते. ज्या मुलीच्या घरी यातलं काहीच नाही, तिनं कुठून यायचं?

तिच्यासाठी एक आडवाट निघाली, ती एनसीसीची. कॉलेजातल्या एनसीसीत मुलींनाही रायफल हातात मिळायची, तीही सरकारी. मुंबईच्या कीर्ती कॉलेजातली अंजली वेदपाठक, म्हणजे आपली अंजली भागवत, याच वाटेनं आली. 1988 मध्ये तिनं वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पहिल्यांदा रायफल धरली आणि काही दिवसांतच राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून उतरून रौप्यपदक आणलं. मध्यमवर्गीय घरातली मुलगी. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली. नेमबाजीत तिथवर जाणारी ती पहिली भारतीय महिला. 2002 मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर होती.

त्याच सुमाराला मुंबईत संजय चक्रवर्ती नावाचे प्रशिक्षक मुला-मुलींना शिकवत होते. अंजली आणि सुमा शिरूर या दोघी त्यांच्याकडं शिकल्या. सुमानं 2004 मध्ये आशियाई स्पर्धेत 40 पैकी 40 नेम दहावर लावले, 400 पैकी 400 गुण. खसखशीच्या दाण्याचा हिशोब आठवा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल. त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकला अंजली, सुमा आणि दीपाली देशपांडे अशा महाराष्ट्राच्या तिघी रायफल घेऊन गेल्या.

आणि पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं. सुमानं पनवेलला स्वतःचा क्लब काढला. व्हीलचेअरवरून नेमबाजी करणारी राजस्थानची अवनी लेखरा तिच्याकडं शिकली. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये अवनीनं सुवर्ण जिंकलं. आणि सुरुवातीला ज्याचं नाव घेतलं, तो कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे? त्याची प्रशिक्षक दीपाली देशपांडे. म्हणजे ज्या बाकावर बाईला जागा नव्हती, त्याच बाकावर बसून आज बाई पुरुषाला सांगते आहे की खांदा खाली घे, श्वास धर.

कोल्हापूरचं तर घरचंच उदाहरण आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटरच्या रायफल प्रकारात, पालथं झोपून नेम धरायच्या स्पर्धेत, जगज्जेती झाली. 600 पैकी 597 गुण. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिचं यश पाहून त्याच गावची राही सरनोबत पिस्तुलाकडं वळली. 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत राहीनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. एका गावात एक मुलगी पुढं गेली की दुसरीच्या आईला समजवायला उदाहरण मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी शहरातली, कॉलेजातली पोरं. आमच्यासारखीची गोष्ट सांगा. सांगतो.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जौहडी नावाचं गाव आहे. उसाचा पट्टा. बाया डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढून शेतात राबणाऱ्या. तिथं डॉक्टर राजपाल सिंह यांनी रायफल क्लब सुरू केला. क्लबात सगळी मुलंच. 1999 च्या सुमाराला शेफाली नावाच्या मुलीला तिथं शिकायचं होतं, पण इतक्या पोरांत एकटीनं जायचं कसं? तिची आजी म्हणाली, चल, मी येते सोबत. आजीचं नाव चंद्रो तोमर. वय पासष्टच्या पुढं. आयुष्यात शाळा पाहिलेली नाही.

नात घाबरली, तिला पिस्तूल भरता येईना. आजीनं ते हातात घेतलं, भरून दिलं, आणि सहज नेम धरून चाप ओढला. छर्रा मध्यावर लागला. शिकवणारा माणूस पाहतच राहिला. त्यानं आजीलाच सांगितलं, तुम्हीही या. मग आजी आठवड्यातून एकदा नातीबरोबर जाऊ लागली. घरच्या पुरुषांना सांगायची सोय नव्हती. रात्री सगळे झोपले की ती पाण्यानं भरलेला जग हात लांब करून धरून उभी राहायची, मनगट स्थिर व्हावं म्हणून. एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत असतं. वर्षानुवर्षं भारा उचललेल्या, दळण दळलेल्या, धार काढलेल्या हातांना ते फार नव्हतं. आपण ज्याला घरकाम म्हणतो, त्यानंच हे हात तयार केले होते.

थोड्याच दिवसांत तिची जाऊ प्रकाशी तोमर हीसुद्धा शिकायला लागली. जावा-जावा लेहेंगा-कुर्ता आणि ओढणी अशाच पोशाखात स्पर्धेला जायच्या. गावात लोक हसले, टोमणे मारले. या वयात काय फौजेत जायचंय का, असं बोलले. दोघींनी उत्तर दिलं नाही, पदकं आणली. ज्येष्ठांच्या स्पर्धांत त्यांनी इतकी पदकं मिळवली की लोक त्यांना "शूटर दादी" म्हणू लागले. प्रकाशी यांची एक गोष्ट सांगतात. एका स्पर्धेत त्यांनी मोठ्या पोलीस अधिकाऱ्याला हरवलं, तर बाईकडून हरलो म्हणून तो त्यांच्याबरोबर फोटोला उभा राहिला नाही. मघाचा तो बॅशम आठवा, आणि मार्जरीची खुर्ची खांद्यावर घेणारे आठवा. क्लबाचं वातावरण कसं आहे हे बाई हरल्यावर कळत नाही, ती जिंकल्यावर कळतं.

प्रकाशी यांची मुलगी सीमा तोमर सैन्यात गेली. 2010 मध्ये इंग्लंडला झालेल्या विश्वचषकात, उडत्या चकत्यांच्या ट्रॅप प्रकारात, तिनं रौप्यपदक मिळवलं. शॉटगनमध्ये विश्वचषकाचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. जौहडीच्या आणखीही कितीतरी मुलामुलींना या खेळानं नोकऱ्या मिळवून दिल्या. चंद्रो आजी 30 एप्रिल 2021 रोजी कोरोनात गेल्या. त्यांच्यावर 2019 मध्ये "सांड की आँख" हा हिंदी सिनेमा निघाला होता, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

या सगळ्या इतिहासात आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. बाईला क्लबात कुणी बोलावणं पाठवलं नाही. ती आली तेव्हा कुणीतरी सोबत आलं म्हणून आली. नातीबरोबर आजी, जावेबरोबर जाऊ, एका कोल्हापूरकरणीच्या मागून दुसरी. आणि एकदा आत आल्यावर तिला टिकवलं ते कागदाच्या निशाण्यानं. भोक कुठं पडलं आहे हे सगळ्यांना दिसतं. ते कुणाच्या सुनेनं पाडलं, कुठल्या वाडीवरच्या मुलीनं पाडलं, हे कागद विचारत नाही. शेतात बाई दिवसभर राबली तरी तिचं काम मोजायला कुणी बसत नाही. इथं एकेक नेम मोजला जातो, लिहिला जातो, आणि त्यावर पंचाची सही होते. अंगणातल्या कामाला कधी न मिळालेली मोजदाद चंद्रो आजींना साठीनंतर मिळाली.

तरी सगळं गोड आहे असं आम्ही सांगणार नाही. हा खेळ महाग आहे. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, अंगातलं जाड जाकीट वेगळं, छर्रे वेगळे. फॉर्म पुष्कळदा इंग्रजीत असतात. न विचारता हात धरून शिकवायला येणारा माणूस क्लबातही भेटू शकतो, जसा तो सगळीकडं भेटतो. आणि मोजमापातही भेद होताच. कितीतरी वर्षं 10 मीटरच्या स्पर्धेत पुरुषांना 60 नेम आणि बायांना 40 नेम होते. 2018 पासून दोघांना 60 झाले.

बंदुकीची भीती वाटते, तीही खोटी नाही. घरात बंदूक आली की आधी बाईच्या जिवाला घोर लागतो. म्हणून एक फरक लक्षात ठेवू. क्लबातली बंदूक घरची बंदूक नसते. ती कुलपात राहते, वहीत नोंदून बाहेर येते आणि वहीत नोंदूनच आत जाते. मुलगी शिकते ती रेंजवर आणि हत्यार राहतं क्लबात. घरी काही आणायची गरज सुरुवातीला पडत नाही. परवान्याचा प्रश्न निघाला तर कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये. क्लबात आणि पोलीस ठाण्यात नीट विचारून घ्यावं.

तर गटातल्या कुणाच्या मुलीनं क्लबाचं नाव काढलं, तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी रेंज आहे का ते शोधा. शाळेत किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर तिथून सुरुवात होते का ते पाहा. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर दोघीजणी जा आणि तासभर बसून बघा. शिकवणारा आधी नियम सांगतो की आधी पैसे मागतो? थांबा म्हटल्यावर सगळे थांबतात का? बंदूक कधी माणसाकडं वळते का? मुली आहेत का, आणि नसतील तर मुलींच्या सरावाची वेळ ठरवून देतील का? कपडे बदलायला जागा, संडासाची सोय आहे का? क्लबाची बंदूक पाळीनं वापरायला मिळते का, की पहिल्याच महिन्यात स्वतःची घ्या म्हणतात? परत यायला एसटी किती वाजता आहे? या प्रश्नांची उत्तरं बरी वाटली, तर पहिली वर्गणी गटानं भरायलाही हरकत नाही. पाच-सहा महिन्यांनी तिच्या निशाण्याचे कागद बैठकीत मागवा. पहिल्या आठवड्याचा कागद आणि अलीकडचा कागद शेजारी शेजारी ठेवा. भोकं मध्याकडं सरकलेली दिसतील, आणि ते वाचायला कुणालाही शाळेत गेलेलं असावं लागत नाही.

आज इथंच थांबतो. तुमच्या भागात मुलींना घेणारी रेंज असेल, तर तिचं ठिकाण आणि वेळ आम्हाला कळवा. इतर गावांतल्या बायांना आम्ही ते वाचून दाखवू.